तेवीस नंबरचे गुण

४ जानेवारी

सूड घ्यायला मला आज खुर्ची मिळाली. तीही गादीची.

शहराच्या कला आणि वारसा निधीचं पत्र आलं. हा निधी दर वर्षी लोकांकडून अर्ज मागवतो. कुणाला गाण्याचा वर्ग चालवायचा असतो, कुणाला जुना घड्याळाचा मनोरा दुरुस्त करायचा असतो. कोणता अर्ज मंजूर करायचा ते एक समिती गुण देऊन ठरवते. यंदा नवा नियम आला आहे की समितीत एक तरी माणूस हाताने काम करणारा हवा. मी बेचाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, तेव्हा त्यांना माझे हात आठवले. डोकं चालतं का, हे कुणी विचारलेलं नाही.

मी पत्र वाचून दाखवलं तेव्हा ही भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मग भिंतीचा अर्ज?"

नेमकं दुखतं तिथे बोट ठेवायचं हिला लग्नापासून जमतं. समितीवरच्या माणसाला स्वतः अर्ज करता येत नाही. आणि भिंतीचा अर्ज दोन आठवडे माझ्या टेबलावर पडून आहे, दोन पानं भरलेला. भिंत म्हणजे बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्याची रस्त्याकडची भिंत. तिच्यावरची जाहिरात माझ्या थोरल्या भावाने, दादाने, आणि मी मिळून रंगवली, एकोणतीस वर्षांपूर्वी. माणसाच्या दुप्पट उंचीची अक्षरं आहेत. खालचा पट्टा तेवढा उडालाय, बाकी रंग अजून बोलतो. दादा गेल्याला सहा वर्षं होत आली. त्याने रंगवलेल्या दुकानांच्या पाट्या एकेक करून उतरल्या, त्यांच्या जागी प्लास्टिक आलं. आता दादाच्या हातचं म्हणून या शहरात ती भिंत सोडून काही नाही. मालकीणबाईंना तिथे गोदाम करायचंय आणि भिंतीला गिलावा मारायचाय. दुरुस्तीचा खर्च निधीने उचलला तर भिंत तशीच ठेवू, असं त्या म्हणतात.

"पुढच्या वर्षी करू की अर्ज," मी म्हणालो.

"मालकीणबाईंना कळवलंत का, पुढच्या वर्षापर्यंत थांबा म्हणून?" ही म्हणाली आणि पुन्हा भाजीकडे वळली.

मी अर्ज खणात सारला आणि समितीच्या संमतीपत्रावर सही केली. त्या विद्वानाचा अर्ज दर वर्षी असतोच असतो. यंदा तो माझ्या हाताखालून जाणार आहे.

७ जानेवारी

विद्वान कोण ते लिहून ठेवतो. उद्या राग थंड व्हायला लागला तर पेटवायला उपयोगी पडेल.

तो कॉलेजात इतिहास शिकवायचा. सात वर्षांपूर्वी आमच्या दुकानात आला, जुन्या पाट्यांचा अभ्यास करतोय म्हणाला. चार वेळा चहा प्यायला, दोन दिवस दादाला प्रश्न विचारले, सगळं वहीत उतरवून घेतलं. आमची दोघांची नावंही, मी समोर उभा होतो. जाताना आमचे चाळीस खाके घेऊन गेला. खाका म्हणजे अक्षराचा कागदी साचा. रेघेवर टाचणीने भोकं पाडायची, कागद भिंतीला लावायचा आणि खडूच्या भुकटीची पुरचुंडी वरून आपटायची, की अक्षर भिंतीवर उतरतं. खाके परत आले आणि एकही फाटलेला नव्हता, हे कबूल करतो.

मग त्याचं प्रदर्शन भरलं. आम्ही दोघं इस्त्रीचे कपडे घालून गेलो. शिरल्या शिरल्या समोर आमच्या भिंतीचा फोटो, जमिनीपासून छतापर्यंत. खाली पट्टी. छायाचित्र: त्याचा तो फोटोवाला मित्र, नावासकट. संशोधन: स्वतः, पदव्यांसकट. रंगकाम: अज्ञात कारागीर.

दादाने चष्मा काढला, पुसला, परत लावून वाचलं आणि हसला. "चल," म्हणाला, "आपण कोण ते यांना कळायच्या आत निघू."  त्यानंतर त्याने ब्रश हातात धरला नाही, आणि चार महिन्यांत गेला. डॉक्टर म्हणाले हृदय. डॉक्टरांशी मी वाद घालत नाही, पण मला काय समजायचं ते समजलं.

दादा गेल्यावर आठवड्याने विद्वान आमच्या दारात उभा. काहीतरी बोलायचंय म्हणाला. मी दार लावलं आणि कडी घातली, त्याला आवाज जाईल अशी. आयुष्यात जी चार कामं चोख केली त्यात मी ते दार धरतो.

१६ जानेवारी

समितीची पहिली बैठक झाली. काम समजावून सांगायला एक निवृत्त इंजिनिअर होते, समितीतले सगळ्यात जुने. भला माणूस आहे, पेन्सिलींना टोक काढून आणतो.

एक अर्ज तिघांनी वाचायचा, एकमेकांना न विचारता. प्रत्येक अर्जाला पाच रकाने, प्रत्येक रकान्यात दहापैकी गुण. तिघांची सरासरी आठच्या वर गेली तर अर्ज पास. अर्जावर नाव नसतं, फक्त नंबर. खालच्या खोलीत एक माणूस बसतो, तो अर्जातली सगळी नावं काळी करतो. वरच्या खोलीतली कारकूनबाई ते काळे केलेले अर्ज आम्हाला वाटते. खालच्याला माहीत नाही कोण वाचणार, वरचीला माहीत नाही कुणी लिहिलंय, आणि दोघांनी एकमेकांना विचारायचं नाही. समितीत कोण आहे हेही बाहेर सांगायचं नाही. मी हिच्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही, वहिनींनासुद्धा नाही.

मी इंजिनिअरसाहेबांना विचारलं, "एखादा अर्ज अगदीच वाईट असला तर शून्य द्यायचं का?"

"द्या की. पण तीनच्या खाली गेलात तर कारण लिहावं लागतं, आणि मग अध्यक्षबाई बोलावून घेतात. पार डोकं खातात."

"आणि सहा दिले तर?"

"सहाला कोण विचारतं?" ते हसले. "पण सहा मिळाले की अर्ज मेलाच म्हणायचा. बाकीच्या दोघांनी नऊ-नऊ दिले तरी वर येत नाही."

मी तो आकडा घरापर्यंत तोंडात घोळवत आलो. सूड घ्यायचा तर रागाने घेऊ नये, नियमाने घ्यावा.

माझा कोणत्याही अर्जदाराशी संबंध नाही, अशा कागदावर सही घेतली त्यांनी. मी केली. नाव दिसत नाही तर संबंध कसला?

३० जानेवारी

अर्जांचा गठ्ठा आला. माझ्या वाट्याला नऊ.

खालच्या खोलीतल्या माणसाचा काळ्या शाईवर फार जीव आहे. माणसांची नावं तर गेलीच, त्याने रस्त्यांची नावं, इमारतींची नावं, तारखा, नातीगोतीसुद्धा पुसलीत. घड्याळाच्या मनोऱ्याच्या अर्जात मनोरा कुठे आहे तेही काळं केलंय, जसे काही आपल्या शहरात पाच-पन्नास मनोरे आहेत. फोटोंची पानं तर काढूनच घेतलीत. वाचताना दात पडलेल्या माणसाचं बोलणं ऐकल्यासारखं वाटतं.

पण झाकून झाकून किती झाकणार? तेवीस नंबरचा अर्ज उघडला आणि पहिल्याच पानावर शब्द दिसले: अक्षरांचा श्वास. त्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेत हे शब्द सात वेळा होते, मी मोजले होते. अक्षराला श्वास असता तर आमच्या टर्पेंटाइनने ते कधीच खोकून मेलं असतं. जगात असं लिहिणारा एकच माणूस आहे.

सापडला.

१ फेब्रुवारी

तेवीस नंबर तीनदा वाचला. काही वाक्यं इथे उतरवून ठेवतो, म्हणजे मी अन्याय करतोय असं कुणी म्हणायला नको.

"█████ आणि █████ या दोघांनी या शहराला जे दिले त्याची दखल कधी घेतली गेली नाही. उलट त्यांच्यावर अन्याय झाला."

अन्याय म्हणे. हे दोघं म्हणजे तो आणि त्याचा फोटोवाला. मागे संग्रहालयाच्या मंडळावरून विद्वानाला काढलं होतं, ते अजून खुपतंय वाटतं. चोराच्या उलट्या बोंबा.

"दोघांपैकी एक आज आपल्यात नाहीत. दुसरे आहेत तोवर हे काम व्हायला हवे."

फोटोवाला गेल्या वर्षी वारला. म्हणजे दुसरे हे स्वतः. स्वतःला "दुसरे" म्हणायचं आणि वर स्वतःच्या मरणाची भीती घालायची. मला नाही हो जमलं असतं इतकं निर्लज्ज व्हायला.

"█████ रस्त्यावरील █████ जतन करून तिच्यासमोर दोघांच्या नावांचा कायमचा फलक उभारावा."

फोटोवाल्याची जुनी चित्रशाळा असणार. आपल्या नावाचा फलक आपणच मागायचा, तोही लोकांच्या पैशाने. आणि आता कडेलोट:

"█████ यांनी वर्षभर तरुणांना हाताने अक्षरे काढण्याचे शिक्षण द्यावे."

ज्याने जन्मात ब्रश धरला नाही तो अक्षरं शिकवणार. खडूची दोरी कुठल्या बाजूने ताणतात ते विचारा त्याला. वाचून मी उठलो आणि अंगणात दोन फेऱ्या मारल्या.

४ फेब्रुवारी

वहिनी आल्या होत्या. दादा गेल्यापासून त्या दोन गल्ल्या सोडून एकट्याच राहतात, आठवड्यातून एकदा येऊन हिच्याशी बोलत बसतात. आज उगाच माझ्यापाशी घुटमळल्या.

"भावजी, त्या निधीवाल्यांचा निकाल कधी असतो हो?"

"महिनाअखेर. का?"

"सहज." वहिनी गाण्याच्या वर्गाला जातात, त्यांच्या बाईंनी अर्ज केलाय, त्याचं असेल. मग म्हणाल्या, "ह्यांचे खाके आहेत ना नीट ठेवलेले?"

"ट्रंकेत आहेत. वाळवी लागू दिलेली नाही."

"आणि समजा कुणी सांगितलं की तरुण पोरांना शिकवा, तर जमेल तुम्हाला? गुडघे बरे आहेत?"

"गुडघे बरे आहेत. विचारणारा कुठे आहे?"

वहिनी हसल्या. दादा गेल्यापासून त्यांना इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. वय झालं की माणसं मध्येच हसतात.

६ फेब्रुवारी

दिले.

सहा. सहा. सहा. सहा. सहा. पाटी रंगवावी तसे रेघेवर बसवले, एकाचंही पोट कमीजास्त नाही. बाकीच्या आठ अर्जांना मनापासून गुण दिले, कुणावर अन्याय केला नाही. दादाच्या फोटोला सांगितलं. फोटो नेहमीसारखाच बघत होता.

११ फेब्रुवारी

खरं लिहायचं म्हणून ही वही आहे, तर खरं लिहितो. गुणपत्रिका अजून पाठवलेली नाही. आज तेवीस नंबर चौथ्यांदा वाचला.

अर्ज चांगला आहे. इतर आठांपेक्षा चांगला आहे. काम कसं करायचं, कुठला रंग मूळचा, तो कसा ओळखायचा, सगळं कुणालातरी विचारून नीट लिहिलंय. आणि एक वाक्य आहे, ते आधी माझ्या नजरेतून सुटलं होतं: "यात चूक माझी होती आणि ती मी वेळेवर सुधारली नाही." पुढच्या तीन ओळी काळ्या. कसली चूक, कुणाची, काही कळत नाही.

हिने गुणपत्रिका पाहिली. बघू नको म्हटलं की बघायचं हा हिचा नेम.

"अर्ज वाईट आहे का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग सगळीकडे सहा कसे?"

"तुला नाही कळायचं."

"मला सगळं कळतं," ही म्हणाली. "भांडण कुणाशी आहे तेही कळतं. पण दादा असते तर त्यांनी काय केलं असतं, ते तुम्ही विचारलंत का स्वतःला?"

दादाने काय केलं असतं ते मला माहीत आहे. दादाने नऊ दिले असते, आणि म्हणूनच तो अज्ञात कारागीर म्हणून मेला. चूक माझी होती असं लिहिलं की झालं? ज्याला लिहिता येतं त्याला माफी मागणं फार स्वस्त पडतं. मी दुपारीच जाऊन गुणपत्रिका कारकूनबाईच्या हातात दिली, उगाच रात्री मन फिरायला नको.

२१ फेब्रुवारी

भिंतीवरून आलो. परांचीचे बांबू येऊन पडलेत. 

वॉचमन ओळखीचा आहे. म्हणाला, "बांबू आलेत, पण बाईंनी थांबायला सांगितलंय महिनाअखेरीपर्यंत. कसल्यातरी कागदाची वाट बघतायत."

नगरपालिकेचा परवाना असेल. कधी नव्हे ते सरकारी दिरंगाईवर प्रेम आलं. मी भिंतीला हात लावला. पहिल्या ओळीची अक्षरं दादाची, दुसरीची माझी. लोकांना फरक दिसत नाही, मला दिसतो. दादा ब्रश उचलायच्या आधी किंचित थांबायचा, तिथे रंग जाड होतो. परांचीवरून मला ओरडून सांगायचा, "घाई कुणाला आहे? साबण विकणाऱ्यांना आहे, आपल्याला नाही."

पुढच्या आठवड्यात मालकीणबाईंना भेटून सांगणार आहे, एक वर्ष थांबा, मी स्वतः अर्ज करतो. आधीच करायला हवं होतं. पण एका वेळी एकच काम होतं माझ्याच्याने.

२८ फेब्रुवारी

निकाल लागला. तेवीस नंबर पडला.

सगळ्यांचे आकडे फळ्यावर लावले होते. गाण्याचा वर्ग पास, मनोरा पास. तेवीस नंबर बरोबर आठवर अडकला. इंजिनिअरसाहेबांनी पेन्सिल टेबलावर आपटली. "मी अकरा वर्षं अर्ज वाचतोय. याच्याइतका प्रामाणिक अर्ज मी वाचला नाही. दोघांनी नऊ दिलेत आणि एकाने सरसकट सहा. का दिले, हे कुणी सांगेल का?"

 अध्यक्षबाई म्हणाल्या, "तीनच्या खाली कुणी गेलेलं नाही, त्यामुळे कारण मागता येत नाही. पुढचा नंबर."

मी समोरच्या ग्लासातलं पाणी प्यायलो. इतकं गोड पाणी मी कधी प्यायलो नव्हतो. ज्या माणसाने एका पट्टीत आम्हाला पुसलं, त्याला मी पाच आकड्यांत पुसला, आणि त्यालाही कळणार नाही कुणी. येताना हिच्यासाठी फुलं घेतली. हिने ती पाण्यात ठेवली आणि विचारलं, "कोण हरलं?"

१ मार्च

छान झोप लागली. सहा वर्षांत पहिल्यांदा.

३ मार्च

कसं लिहू कळत नाही. घडलं त्या क्रमाने लिहितो.

दुपारी चारला दार वाजलं. उघडलं तर विद्वान. खंगलाय, काठी घेऊन चालतो. मी दार लोटणार एवढ्यात त्याच्यामागून वहिनी पुढे आल्या आणि सरळ घरात शिरल्या. "भावजी, आज यांचं ऐकून घ्या," म्हणाल्या. "माझ्यासाठी."

तो खुर्चीच्या टोकावर बसला. म्हणाला, "तुम्हाला आधीच विचारायला हवं होतं. पण तुम्ही दार लावलं असतंत. म्हणून मी वहिनींकडे गेलो. मीच म्हटलं त्यांना, मंजूर होईपर्यंत बोलू नका." मग म्हणाला, "मी निधीकडे अर्ज केला होता. तुमच्या भिंतीसाठी."

मला ऐकू येणं बंद झालं असतं तर बरं झालं असतं. पण सगळं ऐकू आलं. भिंत जतन करायची, समोर दादाच्या आणि माझ्या नावाचा फलक लावायचा, वर्षभर मी तरुणांना अक्षरं शिकवायची. वहिनींनी दादाचे फोटो दिले, रंग कसे ओळखायचे ते दादाच्या वहीतून काढून दिलं. मालकीणबाईंना विद्वान जाऊन भेटला होता. निकाल लागेपर्यंत थांबते, असं त्यांनी त्याला कबूल केलं होतं.

"अर्ज पडला," तो म्हणाला. "निकालाच्या पत्रासोबत गुणही आले. दोघांनी चांगले दिले होते. एकाने सगळीकडे सहा दिले. कारण काही लिहिलेलं नाही. उद्यापरवा भिंतीचं काम सुरू होईल. तुम्हाला कुणा परक्याकडून कळू नये, म्हणून आलो."

वहिनी पदराने डोळे पुसत होत्या. म्हणाल्या, "असा कोण मेला बसला असेल हो तिथे, भावजी? त्याचं काय वाकडं केलं होतं आपण?"

ही चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. माझ्याकडे बघितलं आणि ट्रे घेऊन तशीच आत गेली.

 बरं आहे, बघू, असं काहीतरी पुटपुटलो. ते दोघं गेले.

आता बसलोय तर सगळ्यात जास्त राग कुणाचा येतोय? अजून त्याचाच. सहा वर्षं मी हा राग जपला, दादाचं म्हणून माझ्याजवळ तेवढंच होतं. आणि हा माणूस काठी टेकत येतो आणि तोही घेऊन जातो. आता रागावू कुणावर?

४ मार्च

सकाळी नऊला मालकीणबाईंच्या दारात. एक महिना द्या म्हणालो. त्या वाईट वागल्या नाहीत. "तुमच्या सरांच्या शब्दावर मी दोन महिने थांबले," म्हणाल्या. "गवंडी ठरलेत, गोदामाला गिऱ्हाईक ठरलंय. निकाल आपल्या बाजूने लागला नाही, त्याला मी काय करणार?" निकाल कुणी लावला ते मी सांगितलं नाही. 

तिथून निधीच्या कचेरीत. दिलेले गुण मागे घेता येतात का, विचारलं. कारकूनबाईने फॉर्म दिला. कारण: अर्जदाराबद्दल मनात आकस होता आणि तो कोण हे मी ओळखलं होतं. तिने वाचलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "काका, हे असंच लिहिलंत तर तुम्हाला काढतील. वर इतिवृत्तात येईल."

"येऊ दे. पण अर्ज पास होईल ना?"

"पुन्हा मोजतील. पुढच्या बैठकीत."

"ती कधी?"

"मे महिन्यात."

मी फॉर्म दिला आणि पावती घेतली. काय करायचीय पावती?

५ मार्च

सकाळी आठला सुरू केलं. वरून खाली. दोन गवंडी होते, हात चांगला होता दोघांचा, हे लिहायलाच हवं. भिंतीला आधी टोचे मारले, म्हणजे गिलावा धरतो. रंगाच्या खपल्या रस्त्यावर पडत होत्या. पहिली ओळ वर होती, म्हणून दादाची अक्षरं आधी गेली. थापी डावीकडून उजवीकडे फिरत होती, आम्ही रंगवलं त्याच क्रमाने.

अकराच्या सुमाराला वहिनी छत्री घेऊन आल्या आणि माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. मला छत्रीत घेतलं. मी भिंतीकडेच बघत सांगितलं, "वहिनी, तो सहा देणारा मी."

 त्यांनी छत्री माझ्या डोक्यावरून काढून घेतली.

"घरी जा, भावजी," म्हणाल्या. "ऊन लागेल."

आणि पलीकडच्या फुटपाथवर जाऊन एकट्या उभ्या राहिल्या. दुपारी तीनपर्यंत आम्ही दोघं तसेच, मध्ये रस्ता. माझी ओळ शेवटी गेली.

७ मार्च

विद्वानाकडे गेलो. एका खोलीत राहतो. पुस्तकं खुर्चीवर होती, ती त्याने जमिनीवर ठेवली आणि मला बसायला दिलं. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं: समिती, काळी शाई, त्याचे ते श्वासबिस, सहा गुण. मनात कुठेतरी होतं की हा भांडेल, काठी उगारेल, म्हणजे मला बरं वाटेल.

 तो म्हणाला, "वाचला होतात ना पूर्ण?"

"चार वेळा."

त्याने फाइलीतून अर्ज काढला, काळं न केलेला, आणि माझ्यापुढे धरला. पहिल्या पानावर दादाचं नाव होतं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. खाली माझं. शेवटच्या पानावर त्या तीन ओळी: दोन्ही नावे माझ्या वहीत होती. प्रदर्शनाच्या घाईत वही सापडली नाही, पुन्हा जाऊन विचारायला लाज वाटली, म्हणून अज्ञात लिहिले. थोरल्या भावांच्या हयातीत मी माफी मागू शकलो नाही.

वही सापडली नाही म्हणून. लाज वाटली म्हणून. माझा दादा एवढ्याशा गोष्टीवर गेला, आणि माझी भिंतही एवढ्याशाच गोष्टीवर.

त्याने ड्रॉवरमधून गुणांचा कोरा कागद काढला, अर्जाबरोबर नमुन्यादाखल देतात तो. टेबलावर ठेवला. शेजारी पेन ठेवलं. आवाज चढवला नाही.

"आता नावासकट वाचलात," म्हणाला. "द्या गुण."

तेव्हा मी बसलो. पहिले चार रकाने: विषयाचं महत्त्व, अभ्यास, लोकांचा सहभाग, प्रामाणिकपणा. चारही ठिकाणी दहा लिहिले. पाचवा रकाना होता, काम पूर्ण होण्याची शक्यता. मी तिथे शून्य लिहिलं.

शून्याला कारण लिहावं लागतं. खाली त्यासाठी एक ओळ असते. मी तिथे माझं पूर्ण नाव लिहिलं, सुवाच्य अक्षरात. त्याने कागद उचलला, चष्मा लावून वाचला आणि अर्जाच्या मागे टाचून ठेवला.